मनीचं बाळंतपण

मुलांनो, चाळीच्या जिन्याखालची गाभण मनी घरी आणलीत? मग कोपऱ्यात खोका ठेवा, जुनी सुती साडी अंथरा आणि लांबूनच पाहा. पिल्लांना चाटणं, नाळ तोडणं, सगळं मनीच करते. पण अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, तर मोठ्यांसोबत लगेच परळचं 'बैलघोडा हॉस्पिटल' गाठा. १८७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्राणी-संरक्षण संस्थेचं हे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय!

पिल्लं जेमतेम शंभर ग्रॅमची, डोळे मिटलेली. स्वतःची ऊब त्यांना राखता येत नाही. पिल्लू गार पडलं, तर आधी ऊब द्या, दूध नंतर. तेही गाईचं नको. डॉक्टर सांगतील तेच. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतील. तोवर घाई नको हं!