सेल्फ फिरतो, गाडी चालू राहत नाही

चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरने अडवलेली गाडी बऱ्याचदा कानानं ओळखता येते. बॅटरी उतरली असेल तर सेल्फ कण्हतो किंवा नुसतं टकटक वाजतं. पेट्रोलचा पंप गेला असेल तर सेल्फ खणखणीत फिरतो, पण इंजिन पेटत नाही. इमोबिलायझरचं दुखणं वेगळं: इंजिन पेटतं, एक-दोन सेकंद अगदी नीट चालतं आणि पटकन बंद पडतं. मीटरमध्ये किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. काही गाड्या तर सेल्फसुद्धा फिरू देत नाहीत, म्हणून नुसत्या कानावरही विसंबता येत नाही.

कोल्हापुरात शिरोली नाक्याजवळ एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजात ऐन श्रावणात अशी एक पेट्रोल हॅचबॅक टो होऊन आली. आधीच्या गॅरेजात तिचा पंप बदलून झाला होता. मालक निवृत्त शिक्षक, चांगलेच वैतागलेले.

“सर, दुसरी किल्ली आणलीय?” मिस्त्रीचा पहिला प्रश्न.

किल्लीच्या काळ्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. रिमोटमधला सेल दारं उघडण्यापुरता. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची कॉइल बसवलेली असते. किल्ली ऑन केली की कॉइलभोवती साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती बोलू लागते. बऱ्याच गाड्या दर वेळी वेगळा आकडा पाठवतात. चिप आपल्याजवळच्या गुप्त अंकांनी त्याचं गणित करून उत्तर देते. उत्तर जुळलं तरच ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर चालू ठेवतो. त्यामुळे ‘एक वायर तोडा आणि बायपास करा’ हा गॅरेजाबाहेर चहा पिता पिता मिळणारा सल्ला बहुतेक गाड्यांत फुकट जातो. तोडायला तशी वायरच नसते.

या कटकटीचा उपयोग काय, असं सरांनी विचारलंच. युरोपीय संघाने १९९८ मध्ये नव्या कारना इमोबिलायझर सक्तीचा केला, कॅनडाने २००७ मध्ये. अमेरिकेत सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई आणि कियाच्या अनेक मॉडेल्समध्ये तो दिलेला नव्हता. २०२१-२२ च्या सुमारास पोरंटोरं इग्निशनचं कव्हर फोडून यूएसबी केबलच्या टोकानं कुलूप फिरवून त्या गाड्या पळवू लागली. एवढं ऐकूनही सरांचा चेहरा काही निवळला नाही.

दुसऱ्या किल्लीनेही गाडी बंद पडली. याचा अर्थ सरांना कळला नाही, मिस्त्रीला कळला. दोन्ही चिपा एकदम बिघडणं जवळजवळ अशक्य. एकच किल्ली अडली असती तर त्यानं आधी तिची मूठ उघडली असती. रस्त्यावर नवी मूठ बसवून घेताना जुनीतली चिप काढायची राहून गेली, अशा किल्ल्या त्याच्याकडे नेहमी येतात. पातं बरोबर, कुलूप फिरतं, गाडी मात्र ओळख देत नाही.

मग बॅटरी. उभ्या गाडीत साडेबारा व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या वर. ठीक. त्यानंतर त्यानं स्कॅनर लावला. इमोबिलायझरचा कोड आला. इथेच बरेच जण घसरतात. तक्रार कोण करतंय एवढंच कोड सांगतो. त्यावरून अख्खा इमोबिलायझरचा बॉक्स मागवणं म्हणजे पंपाचीच गोष्ट पुन्हा. मिस्त्रीनं कोड पुसला नाही, लाईव्ह डेटा उघडला. ‘किल्ली चुकीची’ आणि ‘किल्लीकडून उत्तर नाही’ या दोन वेगळ्या ओळी असतात. चुकीची असेल तर प्रश्न नोंदणीचा. उत्तरच येत नसेल तर कॉइल, तिची वायर, तिचा सप्लाय किंवा अर्थ तपासायचा. इथे उत्तर नव्हतं.

“सर, गाडी कधी अडते? सकाळी?”

“सकाळीच. दुपारी ऊन पडलं की होते चालू.”

“काचेवर वाफ धरते?”

“धरते. ब्लोअर लावूनच ठेवतो मी.”

मिस्त्रीनं हात लांब करून ब्लोअर बंद केला. किल्ली काढली, पुन्हा ऑन केली. स्कॅनरवर ‘किल्ली ओळखली’ असं आलं. ब्लोअर लावून पुन्हा ऑन केली, तर उत्तर नाही. मला सगळ्या कामातला हा भाग सर्वांत आवडला. अजून एक स्क्रूही उघडला नव्हता.

आता मल्टिमीटर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इमोबिलायझरच्या कपलरमधल्या अर्थच्या वायरीला. निरोगी गाडीत इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. ब्लोअर लावल्यावर व्होल्टभर दिसत होतं. ब्लोअर आणि इमोबिलायझर दोघांचा अर्थ एकाच बोल्टवर होता. तो बोल्ट पुढच्या डाव्या सीटच्या पायापाशी, प्लास्टिकच्या पट्टीमागे. पट्टी काढली तर बोल्टाला तांबूस गंज, आणि खालचा गालिचा दाबला की पाणी वर येत होतं.

“गाडी झाडाखाली लावता?”

सरांच्या दारात गुलमोहर आहे. त्याची बारीक पानं वायपरखालच्या जाळीत साचली होती, पाणी जायची वाट बुजली होती आणि ते केबिनमध्ये उतरत होतं. ओला गालिचा म्हणून काचेवर वाफ, वाफ म्हणून ब्लोअर.

बोल्ट पॉलिश पेपरनं घासून, वायरीला नवा टर्मिनल दाबून, वर ग्रीस लावून झालं. मीटर शून्याजवळ आला. मग त्यानं हेडलाईट, वायपर, ब्लोअर सगळं लावून दोन्ही किल्ल्यांनी आळीपाळीनं गाडी सुरू केली आणि प्रत्येक वेळी चांगली मिनिटभर चालू ठेवली. कोड पुसला तो त्यानंतर. गॅरेजातल्या पोरानं जाळीतली पानं बादलीत काढली. गालिचा उचलून वाळवल्याशिवाय काच स्वच्छ राहणार नाही, हे मिस्त्रीनं सरांना दोनदा सांगितलं; सर तेव्हा पहिल्या गॅरेजाला फोन लावत होते.