एम्प्रेस मिल आणि नागपूरच्या श्रमजीवनातील परिवर्तन

प्रस्तावना :
औद्योगिकीकरण म्हणजे केवळ हाताऐवजी यंत्राने होणारे उत्पादन नव्हे. श्रमाची वेळ, स्थळ आणि त्यांवरील श्रमिकाचे नियंत्रण यांतही त्यामुळे मूलभूत बदल घडतो. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापसाचा पुरवठा खंडित झाला व भारतीय कापसाची मागणी वाढली. १८६७ मध्ये नागपूर रेल्वेने जोडले गेले. कापूस पिकतो तेथेच कापड तयार व्हावे, या विचाराने जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये कंपनी स्थापन केली. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली.

कामाचे बदललेले स्वरूप :
कोष्ट्यांचा माग घरातच असे. पुरुष विणत, तर स्त्रिया व मुले कांड्या भरत. सणवार, लग्नकार्य पाहून कामाचा वेग ठरे. गिरणीत मात्र भोंगा आणि मुकादम वेळ ठरवू लागले. आरंभी कामगारांची गैरहजेरी मोठी होती. व्यवस्थापनाला ती बेशिस्त वाटली. वस्तुतः तो दोन कालगणनांमधील संघर्ष होता. व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या काळात नियमित हजेरीसाठी बक्षिसे, तसेच १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला.

संरक्षण मात्र सावकाश आले. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांच्या कामावर बंदी घातली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षे झाली, स्त्रियांसाठी अकरा तासांचा दिवस ठरला आणि साप्ताहिक सुटी मिळाली. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा १९११ मध्ये लाभली.

सामाजिक परिणाम :
गिरणीच्या सुताने हातमागाला कच्चा माल पुरविला. परंतु हातसूत कातणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्न हिरावले. महार समाजातील अनेकांना गिरणीने रोख मजुरीचा मार्ग दिला. तथापि यंत्र आले म्हणून जात गेली नाही. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या संपांच्या काळात ऐरणीवर आणला.

निष्कर्ष :
गिरणीने विणकराच्या हातून वेळेची मालकी घेतली व मोबदल्यात नियमित वेतन दिले. पुढील पिढ्यांनी आपले जीवन त्या भोंग्याशी जुळवून घेतले. म्हणूनच २००२ मध्ये गिरणी कायमची बंद झाली, तेव्हा गेली ती केवळ नोकरी नव्हे, तर सव्वाशे वर्षांत घडलेली जीवनपद्धतीही.