जावळीपासून वासोट्यापर्यंत

निर्णायक लढाया म्हटले की पानिपत आणि प्लासी ही नावे आधी पुढे येतात. प्रतापगड तर मराठी घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. पण प्रतापगड ज्या मुलखात आहे, त्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, कृष्णा, कोयना, वेण्णा आणि वारणेच्या खोऱ्यांत, पुढच्या दीडशेहून अधिक वर्षांत आणखी काही लढाया झाल्या. मराठी राज्याची दिशा त्यांनीही तितक्याच ठामपणे वळवली. त्यातली एक तर आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे.

१० नोव्हेंबर १६५९. वाघनखे आणि बिचव्याची कथा इतकी रंगली आहे की खरी लढाई तिच्यामागे झाकून जाते. अफझलखान वाईचा जुना सुभेदार, त्याला मुलूख नवा नव्हता. उघड्या माळावर त्याच्या घोडदळापुढे आणि तोफखान्यापुढे मावळ्यांचा निभाव लागणे कठीण, हे शिवाजी महाराज पुरते ओळखून होते. म्हणून त्यांनी खानाला वाईहून रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या रानात उतरायला लावले. १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली नसती आणि मोरोपंत पिंगळ्यांनी भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड उभा केला नसता, तर हा डाव मांडायला जागाच नव्हती. खान पडला, गडावरून तोफेचा इशारा झाला आणि पार गावाजवळच्या छावणीवर झाडीतून नेताजी पालकर आणि मोरोपंतांच्या तुकड्या तुटून पडल्या. मोठ्या कष्टाने घाट उतरवून आणलेले हत्ती-घोडे तिथेच अडकले. ६५ हत्ती आणि ४,००० घोडे हाती लागल्याचे बखरकार सांगतात. खानाचा मुलगा फाजलखान मात्र खंडोजी खोपड्याने दाखवलेल्या वाटेने कोयनाकाठाने निसटला. अठरा दिवसांनी पन्हाळा स्वराज्यात आला. मिरजेच्या किल्ल्याला वेढा पडला तो याच धडाक्यात. सिद्दी जौहर चालून आला म्हणून तो उठवावा लागला.

प्रतापगडावर कोण जिंकले, याबद्दल वाद नाही. साताऱ्याच्या वेढ्याचा निकाल इतका सरळ नाही.

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याखाली येऊन बसला. वय ८१. त्याचा डेरा करंज्याला होता, तर शहाजादा आझम दुसऱ्या बाजूने मोर्चे लावून होता. वर प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. वेढा चालू असतानाच, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. १३ एप्रिलला तर्बियतखानाने तटाखाली खणलेले सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात गडावरची माणसे गाडली गेली. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत बाहेर काढले गेले. दुसऱ्या स्फोटाने तट आत कोसळण्याऐवजी बाहेर उसळला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवर आला. सुमारे दोन हजार माणसे दगडांखाली मेली. आठवडाभराने, २१ एप्रिलला, गड बादशहाच्या स्वाधीन झाला आणि आझमच्या नावावरून त्याचे ‘आझमतारा’ असे नामकरण झाले.

कागदोपत्री हा विजय बादशहाचा. पण हिंदुस्थानच्या पातशहाला एका गडासाठी साडेचार महिने आणि हजारो माणसे खर्ची घालावी लागली, आणि यानंतरही सज्जनगड, वर्धनगड, पन्हाळा असे गड एकेक करून घ्यायचे उरलेच होते. मराठ्यांना त्यातून युद्धाची रीत सापडली: गड शक्य तितका झुंजवायचा, पावसाळा जवळ आणायचा, मोल वसूल करून तो सोडायचा आणि बादशहाची पाठ फिरली की परत घ्यायचा. राजारामांच्या पत्नी ताराबाईंनी ती रीत सात वर्षे निगुतीने चालवली. बादशहा सह्याद्रीत अडकला असताना मराठी घोडी नर्मदेपलीकडे माळव्यात शिरली. १७०७ मध्ये तो अहमदनगरला मेला, तोवर अजिंक्यतारा परत मराठ्यांकडे आला होता. बादशहाचा पराभव साताऱ्यातल्या विजयापासूनच सुरू झाला, असे म्हणायला हरकत नाही.

वारणेकाठची लढाई घरातली. १७३० मध्ये शाहू महाराजांच्या वतीने श्रीपतराव प्रतिनिधींनी कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या छावणीवर छापा घातला आणि ताराबाई हाती लागल्या. पुढच्या वर्षी दोघे चुलतभाऊ कऱ्हाडजवळ जखिणवाडीला भेटले आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. त्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांमध्ये हद्द म्हणून नदी आखून दिली. आजही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा हीच वारणा आहे.

ताराबाई मात्र त्या दिवसापासून साताऱ्यात राहिल्या, आणि सर्वांत दुर्लक्षित लढाई त्यांनीच घडवली. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले. गादीवर आलेल्या रामराजांनी सांगोल्याच्या कराराने कारभार नानासाहेब पेशव्यांच्या हाती सोपवला. नोव्हेंबर १७५० मध्ये पंचाहत्तरीच्या ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या गडावर कैद केले आणि गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावले. दमाजी पंधरा हजार फौज घेऊन आले. साताऱ्याच्या उत्तरेला, कृष्णाकाठच्या लिंबजवळ त्यांनी पेशव्यांच्या मोठ्या फौजेला मागे रेटले. पण मार्च १७५१ मध्ये वेण्णेच्या काठी बाजू उलटली आणि गायकवाडांना जोरच्या खोऱ्याकडे हटावे लागले. नानासाहेब निजामाच्या सरहद्दीवरून धावत आले. बोलणी चालू असताना त्यांनी दमाजींच्या छावणीला वेढा घालून त्यांना कैद केले. या दग्यामुळे दमाजी पुढे पेशव्यांना डाव्या हातानेच मुजरा करीत, असे सांगतात. गुजरातचा निम्मा वाटा कबूल केल्यावरच त्यांची सुटका झाली. ताराबाईंनी १७५२ मध्ये जेजुरीला शपथ घेऊन पेशव्यांशी समेट केला, पण रामराजांना मोकळे केले नाही.

वेण्णाकाठी दमाजी टिकले असते, तर राज्याचे निर्णय साताऱ्यात की पुण्यात, हा प्रश्न खुला राहिला असता. तो तिथे मिटला. दहा वर्षांनी पानिपतावर फौज पाठवायचे ठरवले ते पेशव्यांनी, छत्रपतींचा त्यात काडीचाही हात नव्हता.

१८१८ मध्ये इंग्रजांपुढे पेशवाईचा शेवट त्यामानाने झटपट झाला. १० फेब्रुवारीला अजिंक्यतारा जनरल स्मिथकडे गेला. २० तारखेला अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यांचा कुटुंबकबिला कोयनेच्या रानातल्या वासोट्यावर होता, आणि दोन इंग्रज अधिकारीही तिथेच कैदेत होते. एप्रिलच्या सुरुवातीला उखळी तोफांच्या माऱ्याने तोही गड पडला. १० एप्रिलला इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, १८३९ मध्ये उतरवले, आणि १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजीराजे यांनी घेतलेला दत्तक नाकारून ते राज्यच खालसा केले.

प्रतापगडावर दरवर्षी शिवप्रतापदिन साजरा होतो, आणि तो व्हायलाच हवा. लिंबला बारा मोटांची विहीर पाहायलाही पुष्कळ लोक जातात. त्या शिवारात १७५१ मध्ये काय घडले, हे मात्र त्यांना कुणीतरी सांगायला हवे. साताऱ्याच्या इतिहासप्रेमींनी हे काम हाती घ्यावे.