खापरखेड्याच्या परसात चुंगडीतले आलू

सावनेर तालुक्यातली काळी माती कापसाला आणि तुरीला जीव लावते, बटाट्याला मात्र ती मानवत नाही. पावसात ती चिकटते, पाणी धरून बसते, आणि वाळली की घट्ट होऊन भेगाळते. जमिनीखाली फुगणाऱ्या कंदाला भुसभुशीत जागा लागते. या मातीत तो आवळला जातो, वेडावाकडा वाढतो आणि पाणी साचलं तर जागेवरच कुजतो. खापरखेड्यातल्या घरामागच्या वाफ्यांत मेथी, पालक, सांबार, वांगी सगळं जोमाने येतं, पण आलू मात्र बाजारातूनच आणावा लागतो, त्याचं मुख्य कारण हे.

म्हणून मी चुंगडीची, म्हणजे पोत्याची, बाजू घेतो. पोत्यात बटाटा लावण्याचे गोडवे बहुतेक जण जागा वाचते म्हणून गातात. वीज केंद्राच्या किंवा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) क्वार्टरमागे चार पोती सहज मावतात, हे खरंच आहे. पण आपल्याकडे पोत्याचा मोठा उपकार वेगळा आहे: माती आपल्या मनासारखी करून घेता येते.

आधी वेळ गाठावी लागते. बटाटा किती धरेल हे रात्रीची थंडी ठरवते. रात्री 20 अंशांच्या वर राहिल्या तर झाड पाल्याने माजतं आणि खाली कंद धरत नाही. आपल्याकडे तशी थंडी नोव्हेंबरात सुरू होते, डिसेंबर-जानेवारीत पारा 12-13 अंशांपर्यंत उतरतो आणि फेब्रुवारी सरता सरता ऊन पुन्हा चटकू लागतं. मधे मिळतात ते जेमतेम शंभर दिवस. दिवाळीच्या आसपास लागवड केली तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पीक हाती येतं. संक्रांतीला लावून मार्चमध्ये काही मिळेल ही आशा धरू नये. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जातींना तिथल्याच कुफरी या डोंगरी ठिकाणाचं नाव असतं. त्यांतल्या लवकर येणाऱ्या घ्याव्यात. कुफरी पुखराज 80-90 दिवसांत तयार होतो, आणि कुफरी सूर्य तर उष्णता सोसण्यासाठीच काढलेला आहे. बियाणं कोंबडीच्या अंड्याएवढं, 30-40 ग्रॅमचं, अख्खं लावावं. ऑक्टोबरच्या उबदार मातीत कापलेले तुकडे हमखास सडतात. लावण्याआधी आठ-दहा दिवस सावलीत उजेडाला ठेवलं की आखूड, जाड कोंब फुटतात. तसलेच कोंब हवेत. शीतगृहातून नुकताच आलेला बटाटा थेट मातीत घातला, तर तो बरेच दिवस नुसता पडून राहतो.

चुंगडी बनवायला सरकीच्या ढेपेचं किंवा तांदळाचं पांढरं पोतं उत्तम. पांढरं यासाठी की काळी पिशवी नागपूरच्या दुपारी तापते आणि आतल्या मुळांना भाजते. पोतं उलटं करून खालचे दोन्ही कोपरे तिरपे दुमडायचे आणि दाभण-सुतळीने टाचायचे. मग सुलटं केलं की त्याला सपाट बूड येतं आणि ते न कलंडता उभं राहतं. पाण्यासाठी भोकं कात्रीने पाडू नयेत, विणीचे धागे उसवत जातात. जाड खिळा चिमट्यात धरून तापवावा आणि टोचावा. प्लास्टिक वितळून भोकाची कड पक्की होते. बुडाला आठ-दहा आणि बुडापासून चार बोटांवर चहूकडून चार भोकं पुरतात. सिमेंटचं पोतं वापरायचंच असेल तर खळखळून धुवावं. कीटकनाशकांच्या पिशव्यांना हातही लावू नये.

आता मातीकडे येऊ. एक भाग माती, एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड रेती आणि कुजलेला पालापाचोळा, शिवाय मूठभर निंबोळी पेंड. त्यात राख घालायची का, हा प्रश्न खापरखेड्यात निघाल्याशिवाय राहत नाही. 1340 मेगावॉटचं वीज केंद्र दाराशी आहे आणि आपल्याकडच्या कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राखच असते. ती विटांत जाते, सिमेंटात जाते, रस्त्यांच्या भरावात जाते. भारी मातीत मिसळली की माती मोकळी होते, हेही खरं आहे. पण त्याच राखेत आर्सेनिक, शिसं यांसारख्या धातूंचे अंश असतात, आणि प्रमाण किती हे प्रत्येक ढिगाची तपासणी केल्याशिवाय कळत नाही. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या लोकांनी राख तलावाविरुद्ध आवाज उठवला तो हवा, पाणी आणि शेतीच्या काळजीने. 2022 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे आले आणि तलावात राख टाकणं थांबवायला त्यांनी सांगितलं. ज्या मातीत आपण लेकरांच्या ताटातला आलू पिकवणार, त्या मातीत फुकट मिळते म्हणून ही राख घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चुलीची राख या धातूंच्या बाबतीत बरी, तरी इथे तीही चिमूटभरच. बटाट्याला किंचित आंबट माती आवडते. आपली काळी माती मुळात खारीकडे झुकलेली, राखेने ती आणखी झुकते, आणि अशा मातीत सालीवर खरबरीत खपल्या धरणारा रोग बळावतो. पोत्यातल्या मातीत काळ्या मातीऐवजी नर्सरीतली लाल माती घेतली तर निम्मी चिंता मिटते.

लावताना पोत्याची कड बाहेरून गुंडाळत अर्ध्यावर आणावी, वीतभर मिश्रण भरावं आणि दोन-तीन बियाणं चार बोटं खोल ठेवावं. बटाटा हे मूळ नाही, जमिनीखालचं फुगलेलं खोड आहे. दांड्याचा जो भाग मातीत झाकला जातो, तिथून आडव्या फांद्या निघतात आणि त्यांच्या टोकाला कंद धरतो. म्हणून रोप वीतभर झालं की कड उलगडत भर घालायची. याच सुमारास गावात सोयाबीनची मळणी उरकलेली असते. तिचं कुटार मातीत मिसळून भरीला वापरावं, वजन हलकं राहतं आणि ओल टिकते. अशी भर दोनदा पुरे. पोतं जितकं उंच तितके बटाट्यांचे मजले, असं अनेक जण सांगतात. पण लवकर येणाऱ्या जाती कंद एकदाच, बियाण्याच्या जवळपास धरतात. गळ्यापर्यंत पोतं भरून माती तेवढी वाया जाते. भर घालण्याचं खरं काम कंद उजेडापासून झाकण्याचं आहे. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं आणि तो खाण्याजोगा राहत नाही. कंदात बोगदे करणाऱ्या अळीचा पतंगही उघड्या बटाट्यावर अंडी घालतो.

पाणी दिवसाआड, पण नेमाने. कधी कोरडं, कधी तुडुंब असं झालं की बटाटा तडकतो. पानांवर राखेचा थर बसला तर सकाळीच धुवावा. संध्याकाळी पानं ओली राहिली आणि त्यात डिसेंबरचं ढगाळ वातावरण आलं, तर करपा दोन-चार दिवसांत अख्खं झाड काळं करतो. असं झाड लगेच काढून घरापासून लांब पुरावं.

पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडावं, आठवड्याने पाला कापावा आणि आणखी दहा दिवस थांबावं. त्याने साल पक्की होते. मग ताडपत्रीवर पोतं पालथं घालायचं. किती निघेल? देशात बटाट्याचा सरासरी उतारा हेक्टरी 25 टनांच्या आसपास, आणि रोपं सुमारे 80 हजार. म्हणजे रोपामागे 300 ग्रॅम. नीट जपलेल्या पोत्यात त्याच्या दुप्पट धरा, तरी तीन रोपांना दोन किलोच्या आत. वर्षाची बेगमी यातून होत नाही. पण सकाळी काढलेल्या बटाट्याच्या रश्श्याची चव शीतगृहातल्या मालाला येत नाही, आणि तो कोणत्या मातीत वाढला हे आपल्याला ठाऊक असतं.

यातलं बियाणं पुढच्या वर्षासाठी राखू नये. आपला उन्हाळा ते टिकू देत नाही, आणि माव्यामुळे आलेले विषाणू त्यातून पुढे जातात. उरलेली माती टाकायची नाही. तिच्यात लगेच टमाटर, वांगी किंवा मिरची लावू नका, ती बटाट्याचीच भावंडं आहेत आणि रोग तेच. गवार किंवा चवळी लावा, भेंडीही चालेल. पोतं मात्र उन्हाने विरून धागे सुटू लागले की बदला, नाहीतर ते प्लास्टिक मातीत मिसळत राहतं.