न्यू जर्सीचे वार्तापत्र : मेडिकेअर आणि डॉक्टरांचा मोबदला

आमच्या वस्तीतील मराठी घरांतली वृद्ध मंडळी ज्या दवाखान्यात गेली अनेक वर्षे रक्तदाब आणि मधुमेह दाखवण्यास जातात, त्याच्या दारावर या हिवाळ्यात एक लहानशी पाटी लागली : ‘मेडिकेअरचे नवे रुग्ण तूर्त घेतले जात नाहीत.’ टेक्सासातून मुलाकडे राहावयास आलेल्या सत्तरीच्या एक बाई, ज्यांचे माहेर आपल्या आंबिवलीलगतच्या अटाळीचे, ती पाटी वाचून परत फिरल्या आणि मला म्हणाल्या, “तीस वर्षे पगारातून कर कापून दिला, कार्ड हातात आहे, मग डॉक्टर नाही का म्हणतो?” या प्रश्नाचे उत्तर त्या डॉक्टरच्या स्वभावात नसून वॉशिंग्टनच्या जमाखर्चात आहे, आणि तो जमाखर्च समजल्याशिवाय या देशातील वार्धक्य समजत नाही.

मेडिकेअर म्हणजे प्रामुख्याने पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी असलेला सरकारी आरोग्य विमा. 30 जुलै 1965 रोजी मिझुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, वृद्ध माजी अध्यक्ष ट्रुमन यांना शेजारी बसवून, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. बाईंच्या पगारातून जो कर गेला तो मुख्यत्वे मेडिकेअरच्या रुग्णालय-खर्चाच्या विभागाचा. डॉक्टरांच्या विभागासाठी निराळा मासिक हप्ता असतो. तो 2026 साली 202 डॉलर 90 सेंट आहे, आणि शिवाय वर्षारंभीची ठरावीक रक्कम स्वतः भरल्यावर उरलेल्या खर्चाचा पाचवा हिस्सा सामान्यतः रुग्णाकडेच राहतो. 1965 सालीच 3 ऑक्टोबर रोजी याच जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी स्थलांतराच्या नव्या कायद्यावरही सही केली, हा योग आपल्या लोकांच्या दृष्टीने मोठा महत्त्वाचा ठरला. कारण एका कायद्याने डॉक्टरांची मागणी वाढवली आणि दुसऱ्याने आशियातील डॉक्टरांना दार उघडले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि केईएममधून शिकून त्या काळात इकडे आलेली पिढी आज स्वतःच मेडिकेअरचे कार्ड खिशात बाळगून आहे.

आता दराची रीत पाहा. 1992 पासून डॉक्टरच्या प्रत्येक कामाला गुण लावलेले आहेत : श्रमाचे काही, दवाखान्याच्या खर्चाचे काही, आणि चुकीबद्दल दावा झाल्यास संरक्षण देणाऱ्या विम्याचे काही. प्रदेशपरत्वे त्यांत कमीजास्त करून आलेल्या बेरजेला डॉलरच्या एका आकड्याने गुणले की मोबदला निघतो. हा गुणक 2001 साली 38 डॉलरांच्या वर होता, 2020 साली 36 च्या आसपास, आणि 2025 साली 32 डॉलर 35 सेंट. पंचवीस वर्षांत परिचारिकेचा पगार, जागेचे भाडे, विम्याचा हप्ता सारे चढत गेले, आणि हा आकडा मात्र उतरत आला. रुग्णालयांचे दर महागाईच्या हिशेबाने दरसाल सुधारावेत अशी कायद्यात तरतूद आहे. डॉक्टरांसाठी ती नाही. उलट, एका कामाचे गुण वाढवून खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर तेवढीच कपात इतर कामांतून करावी असे 1989 च्या कायद्याचे बंधन आहे.

या दरांवरून दरवर्षी जी ओढाताण होत आली ती पाहून मन विषण्ण होते. 1997 साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, असे सूत्र केले की खर्च उद्दिष्टापलीकडे गेला तर दर आपोआप खाली यावेत. 2002 मध्ये एकदा ते लागू झाले, आणि पुढे 2003 पासून सतरा वेळा काँग्रेसनेच स्वतःची कपात तहकूब केली. जून 2010 मध्ये तर 21 टक्क्यांची कपात काही दिवस कायद्याने अमलात आली, बिले रोखून धरावी लागली, आणि महिनाअखेर ती मागे घेतली गेली. 2015 साली ते सूत्र रद्द झाले खरे, पण त्याच्या जागी महागाईशी जोडलेला दर आला नाही. डिसेंबर 2024 मध्ये दिलासा देणारे कलम अर्थविषयक विधेयकाच्या मसुद्यात होते, ते अखेरच्या क्षणी गळाले, आणि 1 जानेवारी 2025 पासून 2.83 टक्के कपात लागू झाली. जुलै 2025 च्या कायद्याने अडीच टक्के वाढ दिली, ती केवळ 2026 पुरती. आणि त्याच वेळी शस्त्रक्रिया, तपासण्या अशा अनेक कामांच्या श्रमगुणांत, कार्यक्षमता वाढली असे गृहीत धरून, अडीच टक्के घट करण्यात आली. म्हणजे जानेवारी 2027 मध्ये पुन्हा तोच तगादा.

आपल्याकडील वाचकांस कामगार विम्याची पॅनल पद्धत आठवत असेल. माझ्या लहानपणी आमच्या घरी त्याचे कार्ड होते. पॅनलवरच्या डॉक्टरला डोईप्रमाणे मोबदला मिळे आणि आमचे अख्खे घर त्यांना नावानिशी ठाऊक असे. येथे मोबदला कामागणिक असल्यामुळे गुणक उतरला की डॉक्टर तासाला अधिक रुग्ण पाहतो, आणि ज्या वृद्धाला चार आजार व दहा औषधे असतात त्याच्या वाट्याला घाईची दहा मिनिटे येतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशन म्हणते की खर्चवाढ जमेस धरता 2001 ते 2025 या काळात मोबदला 33 टक्क्यांनी घटला. ही संस्था डॉक्टरांचीच आहे, हे ध्यानात ठेवावे. तसेच मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या विभागाच्या खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा वृद्धांच्या हप्त्यांतून येतो, तेव्हा दर वाढला की त्यांचा हप्ताही वाढतो, हेही विसरू नये. तरीसुद्धा काँग्रेसला सल्ला देणाऱ्या मेडपॅक या मंडळानेच दर खर्चवाढीशी अंशतः जोडण्याची शिफारस केली आहे, आणि मला ती न्याय्य वाटते. मोठ्या शहरातील नामांकित शल्यविशारद या कपातीने बुडणार नाही. बुडतो तो दोन परिचारिका आणि एक कारकून ठेवून गल्लीच्या कोपऱ्यावर बसणारा साधा डॉक्टर.

तशीच गोष्ट आमच्या पाटीवाल्या दवाखान्याची झाली. डॉक्टरांनी तो मार्चमध्ये एका मोठ्या रुग्णालयाला विकला आणि ते तेथेच पगारावर राहिले. पाटी निघाली, अटाळीच्या बाईंना प्रवेश मिळाला. परंतु आता दवाखाना रुग्णालयाचा विभाग गणला जात असल्यामुळे त्याच तपासणीच्या बिलात इमारतीचा वेगळा आकार लागला आहे, आणि त्याचाही पाचवा हिस्सा बाईंनाच भरावयाचा आहे.