धावपट्टी मोकळी आहे ना?

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ला मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. धावपट्टी १,८५० मीटरची. इथे मुंबईसारखी वर्दळ नाही, पण धोका फक्त वर्दळीतूनच येतो असं नाही. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यात वेग घेतलेल्या विमानासमोर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने विमान वेळेआधीच उचललं, शेपटीकडचा भाग घासला, तरी ते दिल्लीला सुखरूप उतरलं. मुंबईत ८ जून २०२४ला एक विमान उड्डाण घेत असतानाच मागून दुसरं त्याच धावपट्टीवर टेकलं.

बचाव साध्या गोष्टींत आहे. धावपट्टीच्या तोंडाशी चार पिवळ्या रेषा असतात: दोन सलग, दोन तुटक. सलग बाजूने येणाऱ्याने परवानगीशिवाय त्या ओलांडायच्या नाहीत, मग ते विमान असो की गवत कापणाऱ्यांची गाडी. नियंत्रकाने दिलेली सूचना वैमानिकाने धावपट्टीच्या क्रमांकासह परत म्हणून दाखवायची. नुसतं ‘हो’ चालत नाही. चूक तिथेच पकडली जाते.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक काळजी हवी. शिवारात रोही, रानडुकरं मोकळी फिरतात. म्हणून कुंपणाची रोजची पाहणी मला रडारइतकीच मोलाची वाटते.