सम्राट आणि त्याचे गणिताचे शिक्षक

हिजरी वर्षात चंद्राचे बारा महिने असतात. त्यांचे मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष त्याहून सुमारे ११ दिवसांनी मोठे असते. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात, तर कधी थंडीत. मराठी पंचांगात हा फरक साठू देत नाहीत. साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालतात, त्यामुळे दिवाळी दरवर्षी थंडीच्या तोंडावरच येते.

चीनचे जुने पंचांगही याच पद्धतीचे आहे. अधिक महिना नेमका कुठे घालायचा, हे ठरवण्यासाठी सूर्य-चंद्राची गती अचूक मोजावी लागते. चीनमध्ये हे काम सरकारी होते. पंचांग सम्राटाच्या नावाने निघे आणि दुसऱ्या कोणी ते परस्पर छापणे हा गुन्हा होता. सम्राटाला लोक 'स्वर्गपुत्र' म्हणत. मग स्वर्गपुत्राच्या पंचांगातले ग्रहण चुकले, तर लोक काय म्हणतील? त्यामुळे पंचांग करणाऱ्यांच्या डोक्यावर नेहमीच टांगती तलवार असे.

या कामासाठी चीनचे राज्यकर्ते परदेशी विद्वानांनाही जवळ करीत. १२६७ साली जमालुद्दीन नावाच्या मुसलमान विद्वानाने कुबलाई खानाला खगोलशास्त्राची उपकरणे आणि एक पंचांग भेट दिले. पुढे मुसलमान ज्योतिर्विदांचे स्वतंत्र खातेच निघाले. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी युरोपातील ख्रिस्ती धर्मगुरू आले. १६४४ पासून पंचांग खात्याचे प्रमुख आडाम शाल हे जर्मन धर्मगुरू होते. फर्डिनांड व्हर्बीस्ट १६६० साली त्यांच्या मदतीला बीजिंगला आले. व्हर्बीस्ट आजच्या बेल्जियममधले, जन्म १६२३ सालचा.

१६६१ साली कांगशी गादीवर बसला, तेव्हा तो सात वर्षांचाही नव्हता. कारभार चार सरदार पाहत. १६६४ साली यांग ग्वांगश्येन या चिनी विद्वानाने शाल यांच्यावर आरोप केले. पंचांग चुकीचे आहे, एका लहानग्या राजपुत्राच्या दफनाची वेळ अशुभ निवडली, हे परदेशी राज्याविरुद्ध कट करीत आहेत, असे ते आरोप होते. शाल यांना अर्धांगवायूमुळे धड बोलता येत नव्हते. साखळदंडातले व्हर्बीस्ट त्यांच्या वतीने उत्तरे देत होते. मृत्युदंड ठरला. इतक्यात १६६५ साली बीजिंगला भूकंप झाला, लोक घाबरले आणि परदेशी धर्मगुरूंची सुटका झाली. खात्यातील पाच चिनी ख्रिस्ती अधिकाऱ्यांना मात्र कोणी वाचवले नाही. त्यांचा शिरच्छेद झाला.

आता खाते यांगच्या हाती आले. वू मिंगश्वान हा मुसलमान ज्योतिर्विद त्याचा साथीदार होता. यांगला गणित येत नव्हते. आपल्याला पंचांगाची तत्त्वे कळतात, आकडेमोड नाही, असे तो स्वतःच म्हणे! वू जुन्या कोष्टकांवर विसंबून होता. जमालुद्दीनच्या काळी ती विद्या ताजी होती. पण कोष्टके कितीही चांगली असली, तरी ती पुन्हा पुन्हा आकाशाशी ताडून पाहावी लागतात. नाहीतर लहानशी चूक शतकानुशतके वाढत जाते.

१६६८ साली कांगशी चौदा वर्षांचा होता. त्याने दोन्ही पक्षांना बोलावले आणि विचारले, कोण बरोबर ते सर्वांना डोळ्यांनी दिसेल असा काही उपाय आहे का? व्हर्बीस्ट म्हणाले, आहे. हवी तेवढ्या उंचीची काठी उभी करा. दुपारी बारा वाजता तिची सावली कुठवर पोहोचेल ते मी आदल्या दिवशीच सांगतो.

हे कसे शक्य होते? भर दुपारी सूर्य किती उंच असेल, हे दोन गोष्टींवर ठरते. एक, ते ठिकाण विषुववृत्तापासून किती दूर आहे, आणि दुसरी, वर्षातला दिवस कोणता आहे. बीजिंग सुमारे ४० अंश उत्तरेस आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य दुपारीही क्षितिजापासून सुमारे साडेसव्वीस अंशच वर येतो, म्हणून सावली काठीच्या जवळजवळ दुप्पट पडते. मुंबईत त्याच दिवशी ती काठीपेक्षा थोडी आखूडच पडेल. विद्यार्थी मित्रांनो, नाताळच्या सुमारास शाळेच्या मैदानात काठी रोवून तुम्हांला हे पाहता येईल. अर्थात 'जवळजवळ' एवढ्याने व्हर्बीस्ट यांचे भागणार नव्हते. त्यांना रेघ आखून द्यायची होती आणि सावली त्या रेघेवर यायला हवी होती.

लागोपाठ तीन दिवस परीक्षा झाली. प्रत्येक दिवशी काठीची उंची वेगळी होती. तिन्ही दिवस सावली सांगितल्या जागी आली. यांग आणि वू यांना हे गणित करताच आले नाही. पुढे ग्रहांच्या जागाही तपासल्या गेल्या, त्यांतही व्हर्बीस्ट बरोबर ठरले. १६६९ साली खाते त्यांच्याकडे आले. त्या वर्षाच्या पंचांगात चुकीने घातलेला एक अधिक महिना चक्क काढून टाकावा लागला! यांगला मृत्युदंड झाला, पण त्याचे वय पाहून सम्राटाने तो माफ केला.

कांगशीच्या मनाला वेगळीच गोष्ट लागली होती. सावली मोजताना भोवती मोठमोठे मंत्री उभे होते, पण त्यांतल्या एकालाही ते गणित कळत नव्हते. त्याला स्वतःलाही नाही. जे आपल्याला कळत नाही, त्यात खरेखोटे आपण कसे ठरवणार? म्हणूनच आपण शिकायचे ठरवले, असे त्याने पुढे आपल्या मुलांना सांगितले.

मग व्हर्बीस्ट यांना पहाटेच राजवाड्यात बोलावणे येऊ लागले. पुष्कळदा दुपार उलटेपर्यंत सुट्टी नसे. उपकरणे कशी वापरायची, उंची आणि अंतर कसे मोजायचे, असे धडे चालत. या सगळ्याचा पाया युक्लिडची भूमिती आहे, हे कळल्यावर सम्राटाने तीही शिकायला घेतली. उर्दूत आपण ज्याला उक्लिदस म्हणतो, तोच हा युक्लिड. त्याच्या ग्रंथाचे पहिले सहा भाग १६०७ सालीच चिनी भाषेत आले होते. १६८२ साली मांचुरियाच्या प्रवासातही व्हर्बीस्ट बरोबर होते. एका निरभ्र रात्री सम्राट त्यांना ताऱ्यांची चिनी आणि युरोपीय नावे विचारत बसला होता.

या शिक्षकांनी सगळेच शिकवले असे मात्र नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत त्यांच्या धर्मपीठाने १६१६ साली निषिद्ध ठरवले होते, त्यामुळे सूर्यच फिरतो असे मानूनच ते आकडेमोड करीत. युरोपात दुर्बीण येऊन साठ वर्षे झाली होती, तरी व्हर्बीस्ट यांनी बीजिंगच्या वेधशाळेसाठी १६७३ पर्यंत घडवलेली सहा मोठी कांस्य उपकरणे दुर्बिणीविनाच होती. ती आजही तिथे पाहायला मिळतात. शिवाय धर्मप्रसार हा त्यांच्या येण्याचा मूळ हेतू होता आणि सम्राटाला तो ठाऊक होता. त्याने गणित घेतले, धर्म घेतला नाही.

व्हर्बीस्ट १६८८ च्या जानेवारीत वारले. त्यानंतर बुव्हे आणि जेर्बियाँ हे फ्रेंच धर्मगुरू सम्राटाला त्याच्या मातृभाषेत, म्हणजे मांचूत, भूमिती शिकवू लागले. तेव्हा सम्राट पस्तिशी ओलांडलेला होता, तरी उदाहरणे स्वतः सोडवून पाहत असे. पुढे आपल्या तिसऱ्या मुलाला भूमिती शिकवायला तो स्वतःच बसू लागला.